हे काम नेमकं कोणत्या वर्षाचं?

सेवा देणाऱ्या एका छोट्या कंपनीची पुस्तकं मी रोख पद्धतीवरून उपार्जित पद्धतीवर आणली, त्या वर्षअखेरीबद्दल लिहिते आहे. कंपनीचं काम तीन प्रकारचं: यंत्रणांच्या देखभालीचे वार्षिक करार, ठरावीक शुल्क घेऊन सल्ला, आणि प्रशिक्षणाची सत्रं. तोवर तिथला हिशेब सरळ होता. पैसे आले की उत्पन्न, पैसे गेले की खर्च. उपार्जित पद्धतीत पैसे कधी आले-गेले ते नव्हे, तर काम कधी झालं आणि खर्च कोणत्या काळाचा, ते बघतात. पण नवा भागीदार येऊ घातला होता, कर्जासाठी बँकेशी बोलणी चालू होती, आणि दोघांनाही उपार्जित पद्धतीचा ताळेबंद हवा होता. आकडे मी बदलून सांगते आहे, त्यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र साधारण तसंच ठेवलं आहे.

कीर्दीप्रमाणे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे, वर्षभरात ९२,००,००० जमा झाले होते आणि ७४,००,००० गेले होते. उरले १८,००,०००. कंपनीच्या मालक, म्हणजे मॅडम, या आकड्यावर खूश होत्या आणि तो समोर ठेवून दोन नवी माणसं घ्यायच्या विचारात होत्या. मी आधी शेवटच्या तीन महिन्यांतल्या जमा रकमांची यादी काढली. मोठ्या रकमा जवळपास सगळ्याच वार्षिक देखभालीच्या होत्या आणि पूर्ण वर्षाचे पैसे ग्राहकांनी एकदम भरले होते. म्हणजे बँकेत पैसे होते, पण त्यातल्या बऱ्याच पैशांचं काम अजून व्हायचं होतं.

माल विकणाऱ्याकडे वर्षअखेरीला निदान गोदाम मोजता येतं. इथे मोजायचं होतं ते झालेलं काम, आणि ते कुठल्याच कपाटात नव्हतं. ते होतं करारांमध्ये, कामाच्या तासांच्या नोंदींत, हजेरीपटांत, भेटीच्या अहवालांत आणि माणसांच्या डोक्यात. म्हणून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमांची यादी, छापून घेतली आणि संगणक बंद करून मी काम करणाऱ्यांच्या टेबलांकडे गेले. सेवा व्यवसायाच्या समायोजन नोंदी, म्हणजे उत्पन्न आणि खर्च ज्या-त्या वर्षात नेणाऱ्या नोंदी, लेखा विभागात बसून पुऱ्या होत नाहीत, असं माझं पक्कं मत आहे. सॉफ्टवेअरला बिलाची तारीख कळते, काम कधी झालं ते कळत नाही.

सगळ्यात मोठी नोंद आगाऊ रकमांची होती, म्हणून सुरुवात तिथून केली. एक करार घेऊ. २,४०,००० रक्कम, मुदत १२ महिने, सुरुवात हिशेबी वर्षाच्या दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. पैसे मिळाले त्या दिवशी पूर्ण रक्कम उत्पन्नात गेलेली. वर्ष संपेपर्यंत सेवा झाली तीन महिन्यांची, म्हणजे ६०,००० ची. उरलेले १,८०,००० कंपनीचं उत्पन्न नव्हतं, देणं होतं. पैशांचं नव्हे, कामाचं देणं. नोंद अशी: देखभालीचं उत्पन्न नावे १,८०,०००, आगाऊ मिळालेलं उत्पन्न जमा १,८०,०००. म्हणजे उत्पन्न तेवढं कमी, देणं तेवढं जास्त. नवं वर्ष सुरू झालं की दर महिन्याला २०,००० उलट्या दिशेने जाणार.

महिन्यांनी भागायचं, एवढंच असतं तर हे दुपारभरात उरकलं असतं. पण करार वाचत गेले तसे प्रश्न निघत गेले. काही करारांत सुरुवातीला जोडणी शुल्क घेतलेलं, परत न मिळणारं. मॅडमचं म्हणणं होतं, ‘ते परत द्यायचंच नाही, मग ते आपलंच की.’ मी विचारलं, ‘त्या शुल्काच्या बदल्यात ग्राहकाला त्या दिवशी वेगळं असं काय मिळालं?’ ग्राहकाचं खातं उघडणं, त्याच्या यंत्रणांची यादी करणं, वेळापत्रक लावणं. ही सगळी आपली तयारी. ग्राहकाच्या हाती त्यातून स्वतंत्र असं काही पडलं नव्हतं. उत्पन्नाच्या मान्यतेचं आंतरराष्ट्रीय मानक, म्हणजे १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेलं आयएफआरएस १५, इथे स्पष्ट आहे: रक्कम परत करायची नाही म्हणून ती कमावलेली ठरत नाही, ग्राहकाला दिलेला शब्द पाळला जाईल तसतशी ती कमावली जाते. जोडणी शुल्कही मग देखभालीच्या मुदतीवर पसरलं.

आणखी एक प्रकार सापडला. एका ग्राहकाला पुढच्या वर्षाचं बिल गेलेलं, पैसे आलेले नाहीत, काम सुरू नाही, आणि करार सुरू होण्याआधी तो रद्द करायची ग्राहकाला मुभा. उत्साहाच्या भरात अशी बिलं येणी म्हणून एका बाजूला आणि आगाऊ उत्पन्न म्हणून दुसऱ्या बाजूला दाखवली जातात. ताळेबंद दोन्हीकडून फुगतो आणि कर्ज देणाऱ्याला येणी भरपूर दिसतात. त्या पैशांवर आपला हक्क अजून पक्का झालेला नव्हता. हे बिल मी दोन्ही बाजूंना कुठेच घेतलं नाही.

प्रशिक्षणाला महिन्यांचा हिशेब चालत नाही. १० सत्रांचा संच ५०,००० चा. वर्ष संपताना ६ सत्रं झाली असतील तर ३०,००० कमावले आणि २०,००० आगाऊ राहिले, मग संच पहिल्या महिन्यात विकला असो की अकराव्या. इथे हजेरीपट हाच पुरावा. प्रशिक्षकांपैकी एकीने प्रत्येक सत्राची सही घेऊन ठेवली होती. तिच्या वह्यांमुळे काम सोपं झालं, हे मुद्दाम सांगते, कारण हिशेबाचं श्रेय अशा माणसांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

सगळे करार आणि संच धरून आगाऊ उत्पन्नाची यादी ११,४०,००० वर गेली. कीर्दीतली उरलेली रक्कम १८,००,०००, आणि त्यात न झालेल्या कामाचे ११,४०,०००. मॅडम बराच वेळ त्या यादीतल्या ओळी वाचत होत्या. ‘म्हणजे हे पैसे आपले नाहीत?’ पैसे आपलेच होते, वापरताही येणार होते. पण त्यातूनच पुढच्या वर्षी माणसांचे पगार द्यायचे होते, त्या ग्राहकांचं काम करण्यासाठी. नवी माणसं या पैशांवर घेतली असती, तर जुन्या करारांचं काम करताना हात आखडता घ्यावा लागला असता. त्या दिवशी भरतीचा विषय मॅडमनी बाजूला ठेवला.

उलट बाजूही होती. काम झालं पण बिल गेलं नाही, असं उत्पन्न. तासांवर चालणाऱ्या कामात हे सोपं. शेवटच्या दोन आठवड्यांत ४५ तास झालेले, दर तासाला १,५००, ग्राहकाने तास मान्य केलेले. येणे उत्पन्न नावे ६७,५००, सेवा उत्पन्न जमा ६७,५००. बिल नव्या वर्षात निघालं तरी उत्पन्न जुन्याच वर्षाचं.

खरी कसोटी होती ठरावीक शुल्काच्या सल्ल्याची. एक प्रकल्प ५,००,००० चा होता. सुरुवातीला २,००,००० चं बिल झालेलं, बाकीची रक्कम अहवाल दिल्यावर मिळणार. वर्ष संपलं तेव्हा अहवाल अर्धामुर्धा लिहिलेला. इथे आधीचा प्रश्न असा, की काम चालू असतानाच उत्पन्न धरता येईल की अहवाल देईपर्यंत थांबायचं? मॅडम म्हणाल्या, ‘काम तर झालंय ना.’ पण झालेलं काम पुरेसं नसतं. अहवाल या एकाच ग्राहकाच्या उपयोगाचा होता, दुसऱ्या कुणाला विकता येण्यासारखा नव्हता. ही एक अट पुरी झाली. दुसरी अट, ग्राहकाने मध्येच करार मोडला तर झालेल्या कामाचा मोबदला वाजवी नफ्यासह मागायचा हक्क कंपनीला आहे का? त्यासाठी करार शेवटपर्यंत वाचला. करार मोडण्याचं कलम मागच्या पानावर होतं, आणि त्यात झालेल्या तासांचे पैसे ठरलेल्या दराने द्यायचं ग्राहकाने मान्य केलं होतं. हे कलम नसतं तर उत्पन्न अहवाल दिल्यावरच धरावं लागलं असतं, मिळालेले २,००,००० देखील आगाऊमध्येच राहिले असते आणि प्रकल्पाच्या नफ्याचा आकडा या वर्षात आलाच नसता. एका कलमावर एवढं अवलंबून असतं, म्हणून कराराचा मसुदा होतानाच लेखापालाला तो दाखवावा असं मी तेव्हापासून सांगते.

मग काम किती टक्के झालं ते ठरवायचं. अंदाजपत्रकात ४०० तास होते, नोंदींत २६० तास झालेले. ६५ टक्के, म्हणजे ३,२५,०००. आकडा सुबक होता, पण ४०० तासांचा अंदाज प्रकल्प सुरू होण्याआधीचा होता. प्रकल्पप्रमुखाला मी विचारलं, ‘आज, या क्षणी, किती तास उरलेत असं तुम्हाला वाटतं?’

‘१४०,’ तो अंदाजपत्रकात बघून म्हणाला.

‘कागदावरचं नको. तुम्हाला काय वाटतं?’

तो थांबला. ‘१६० धरा. एका विभागाच्या मुलाखती अजून व्हायच्यात. त्यांच्याशिवाय अहवाल पुरा होणार नाही.’

एकूण तास मग ४२० झाले. २६० ला ४२० ने भागलं की ६१.९ टक्के, म्हणजे ३,०९,५२४. बिल झालेले २,००,००० वजा केले की बिल न झालेलं उत्पन्न १,०९,५२४. आधीच्या अंदाजाने ते १,२५,००० आलं असतं. झालेल्या २६० तासांत वाया गेलेले काही आहेत का, हेही विचारून घेतलं, कारण आपल्याच गोंधळापायी पुन्हा करावं लागलेलं काम प्रगतीत धरायचं नसतं. नव्हते. त्या बोलण्याची टिपणी, तारीख आणि त्याची सही मी नोंदीच्या कागदांना जोडून ठेवली. पुढे लेखापरीक्षकांनी सगळ्यात आधी तोच कागद मागितला.

ताळेबंदात ही रक्कम मी येणी बिलांच्या रकमेत मिसळली नाही. तासांच्या ६७,५०० मध्ये फक्त बिल पाठवायचं आणि वेळ जायची वाट बघायची बाकी होती. सल्ल्याच्या १,०९,५२४ मध्ये अहवाल देणं बाकी होतं. धोका वेगळा, म्हणून ओळ वेगळी.

खर्चाच्या बाजूला नवल कमी असतं. विमा सातव्या महिन्यापासून वर्षभराचा ३६,०००, त्यातले १८,००० पूर्वदत्त, म्हणजे पुढच्या वर्षासाठी आधीच भरलेले. सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गण्यांचं तसंच. जागेची अनामत मात्र कुणीतरी भाड्याच्या खात्यात टाकली होती. ती परत मिळणारी रक्कम, खर्च नव्हे आणि पूर्वदत्त खर्चही नव्हे, म्हणून ती वेगळी मालमत्ता झाली. विजेचं शेवटचं बिल आलं नव्हतं, ते आधीच्या महिन्यांवरून अंदाजाने धरलं. बाहेरून काम करून देणाऱ्या तंत्रज्ञांची बिलं हमखास उशिरा येतात. म्हणून बिलांची वाट न बघता देखभालीच्या भेटींचे अहवाल घेऊन बसले आणि कोणत्या भेटी कुणी केल्या, त्यांचे पैसे गेले का, हे जुळवलं. न आलेली बिलं अशीच सापडतात. नव्या वर्षातल्या पहिल्या काही आठवड्यांची देयकंही एकेक करून पाहिली, त्यातलं कुठलं जुन्या वर्षाचं आहे ते शोधण्यासाठी.

सेवा व्यवसायात सगळ्यात मोठा खर्च माणसांचा, म्हणून तिथे मी जास्त वेळ घातला. शेवटच्या पगारानंतरच्या दिवसांचा पगार अदत्त, म्हणजे द्यायचा राहिलेला, म्हणून धरला, हे ओघाने आलंच. साठलेल्या भरपगारी रजांचा विषय मात्र कुणाच्याच मनात नव्हता. ‘आम्ही रजेचे पैसे देत नाही, रजा फक्त पुढच्या वर्षी घेता येते,’ असं मला सांगितलं गेलं. तरी बोजा याच वर्षाचा. ती रजा माणसाने या वर्षी काम करून मिळवली. पुढच्या वर्षी तो ती घेईल तेव्हा कंपनी काम न मिळता पगार देईल, आणि तो पगार पुढच्या वर्षाच्या माथी मारणं बरोबर नाही. मनुष्यबळाच्या नोंदींतून प्रत्येकाची शिल्लक रजा काढली, त्यातली प्रत्यक्षात किती वापरली जाईल हे अनुभवाने ठरवलं, आणि दिवसाच्या पगाराने गुणून तरतूद केली. बोनस अजून जाहीर व्हायचा होता. पण दर वर्षी तो ठरलेल्या सूत्राने मिळत आला होता आणि माणसं तो धरूनच चालत होती. लेखी शब्द नसला तरी वर्षानुवर्षांच्या वागण्याने कंपनी बांधली गेली होती. तोही धरला.

घसाऱ्यावर, म्हणजे वस्तूची किंमत तिच्या आयुष्यभर थोडी थोडी खर्चात टाकण्यावर, थोडकंच सांगते. पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला घेतलेले ३,६०,००० चे लॅपटॉप रोख पद्धतीत पूर्ण खर्चात गेले होते. तीन वर्षांचं आयुष्य धरून आठ महिन्यांचा घसारा ८०,०००, बाकी मालमत्ता. जुन्या यंत्रांचा ९०,०००.

येणी बिलं मी वयाप्रमाणे लावली आणि जुन्या बिलांवर जास्त टक्क्याने बुडीत तरतूद केली. हे काम चालू असतानाच एका ग्राहकाने व्यवसाय गुंडाळल्याची बातमी आली. मॅडमना वाटलं, ही घटना नव्या वर्षातली, मग तोटाही नव्या वर्षातला. पण तो ग्राहक सहा महिने पैसे देत नव्हता. बातमी नंतर आली, आजार आधीचा होता. ताळेबंदाच्या तारखेला जी परिस्थिती होती तिचा पुरावा नंतर मिळाला, तर तो जुन्याच वर्षात घ्यावा लागतो. तोच ग्राहक वर्ष संपल्यावर एखाद्या अपघाताने बुडाला असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

इथवर सगळ्या नोंदी वर्षाच्या शेवटच्या टोकाच्या. मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी याच्या पुढची आहे, आणि रोख पद्धत पहिल्यांदा सोडताना तीच सुटायचा धोका असतो. वर्षाचं सुरुवातीचं टोक. मागच्या वर्षी आलेल्या आगाऊ रकमा तेव्हाच उत्पन्नात गेल्या होत्या. त्यातलं ६,२०,००० चं काम या वर्षी झालं, ते या वर्षाच्या उत्पन्नात कुठेच नव्हतं. तसंच या वर्षी जमा झालेल्या पैशांत मागच्या वर्षीच्या कामाची ७,४०,००० ची वसुली होती, ती या वर्षाची नव्हती. मागच्या वर्षीची देणी या वर्षी चुकती केलेली, मागच्या वर्षीचा विमा या वर्षात वापरलेला. फक्त शेवटचं टोक कापलं असतं तर या वर्षावर अन्याय झाला असता, आगाऊ रकमांमुळे तर फारच. म्हणून मागच्या वर्षअखेरीचीही तशीच यादी तयार केली, करार काढून, हजेरीपट काढून, आणि तो फरक नफा-तोटा पत्रकात न घेता सुरुवातीच्या भांडवलात नेला.

समायोजित तेरीज जुळली तेव्हा नफा १४,२०,००० आला. १८,००,००० पेक्षा कमी, पण फक्त आगाऊ रकमांकडे बघून मॅडमना वाटली होती तेवढी पडझड नव्हती. तेरीज जुळल्याचा मला फारसा आनंद नव्हता, कारण समायोजनाची आख्खी नोंद राहून गेली तरी तेरीज जुळतेच. समाधान दुसऱ्या पडताळणीने झालं. आगाऊ रकमांची सुरुवातीची शिल्लक, अधिक वर्षातली जमा, वजा कमावलेलं उत्पन्न, आणि येणारी शेवटची शिल्लक एकेका कराराच्या यादीच्या बेरजेशी ताडली. शिवाय कुठल्याही समायोजन नोंदीत बँक खातं आलं नाही ना, हे पाहिलं. प्रत्येक नोंदीचा एक पाय नफा-तोटा पत्रकात आणि दुसरा ताळेबंदात असायला हवा. बँक आली तर ती समायोजनाची नोंद नव्हे.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी अदत्त पगार आणि न आलेल्या बिलांच्या नोंदी उलटवल्या, म्हणजे पगाराची नेहमीची नोंद होताना तोच खर्च दुसऱ्यांदा लागणार नाही. आगाऊ उत्पन्न आणि पूर्वदत्त खर्च मात्र असे एकदम उलटवले नाहीत, ते महिन्याच्या तक्त्याप्रमाणे चालतात. तक्ता आता दर महिन्याला भरला जातो. भागीदाराने ताळेबंद पाहिला, आगाऊ रकमांच्या ओळीवर दोन-चार प्रश्न विचारले आणि तो आला. मॅडमनी पुढे एक माणूस घेतला, देखभालीसाठी, कारण ११,४०,००० च्या यादीत सगळ्यात जास्त काम तिथलंच होतं.

प्रशिक्षणाच्या संचांचा एक प्रश्न मी उघडा ठेवला आहे. काही जण १० सत्रं विकत घेतात आणि ७ किंवा ८ करून येईनासे होतात. मुदत संपली की उरलेल्या सत्रांचे पैसे कंपनीचेच. किती सत्रं वाया जातील याचा भरवशाचा अंदाज असेल, तर ते उत्पन्न झालेल्या सत्रांच्या प्रमाणात आधीपासून धरता येतं. पण त्या एका प्रशिक्षिकेच्या वह्या सोडल्या तर जुन्या वर्षांच्या हजेरीची नोंद कुठेच नाही. तेवढ्यावर सगळ्या संचांचा अंदाज बांधणं मला पटलं नाही, म्हणून न झालेल्या सत्रांची पूर्ण रक्कम मुदत संपेपर्यंत देणं म्हणूनच ठेवली. आता सगळेच प्रशिक्षक सही घेतात. पुरेशा संचांची मुदत संपून गेली की त्या नोंदी घेऊन पुन्हा बसायचं ठरलं आहे.